कातडीवरचा चट्टा आणि कमरेचा दोरा

गेल्या वैशाखात आमच्या धाकट्या बंधूंच्या नातवाची मुंज संगमनेरास झाली. मुलास आठवे वर्ष नुकतेच लागलेले. शास्त्राने सांगितलेला काळ साधला म्हणून घरात मोठे समाधान होते. न्हावी बसला, घेरा काढला, आणि डोके मोकळे होताच मंडपातल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. इतके दिवस केसांखाली झाकून राहिलेले तांबडे चट्टे उघडे पडले होते व त्यांवर अभ्रकाच्या पापुद्र्यांसारख्या पांढऱ्या खपल्या चकाकत होत्या. कोणी म्हणाले गजकर्ण, कोणी म्हणाले इसब. एका वृद्ध बाईंनी तर तोंडास पदर लावून असा एक शब्द उच्चारला की, तो कानी पडताच मुलाच्या आईचा चेहरा उतरला. मातृभोजनाच्या वेळी पंक्तीस बसवलेल्या आठ बटूंपैकी दोघांच्या आयांनी आपापली मुले काही निमित्त काढून उठवून नेली. मुले लहान असली तरी असले उठणे त्यांस कळते. आमचा बटू दोन रिकाम्या पाटांकडे पाहत बसला.

तेव्हा त्याच्या आजीने, म्हणजे आमच्या धाकट्या भावजयबाईंनी, काय करावे? त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पानात एक लाडू अधिक वाढला. तो संपताच आणखी एक. यात त्यांचे काही चुकले असे त्या दिवशी आम्हांसही वाटले नाही. या दुसऱ्या लाडवाविषयीच आज आम्हांस लिहावयाचे आहे.

मुंजीनंतर दोन-तीन आठवड्यांनी एक चमत्कारिक गोष्ट घडली. वस्तऱ्याचा जेथे ओरखडा उठला होता त्याच रेषेवर, कानामागे, नवा चट्टा उमटला. मग मात्र मंडळी घाबरली व मुलास घेऊन नगरास आमच्याकडे आली. (२०२४ पासून आमचा जिल्हा व शहर यांचे नाव अहिल्यानगर झाले आहे, परंतु साठ वर्षांची जीभ एकाएकी वळत नाही, तरी वाचकांनी क्षमा करावी.) येथील एका चर्मरोगतज्ज्ञांकडे आम्ही सर्व गेलो. त्यांनी डोके, कोपर, गुडघे, नखे पाहिली, घसा पाहिला, आणि पाचच मिनिटांत सांगितले, "हा सोरायसिस. लागट नाही, कुष्ठ नाही, आणि कोणाच्या पापाचे फळही नाही." इतके बोलून ते थांबले असते तर आमचे बंधू प्रसन्न मनाने उठले असते. परंतु डॉक्टरांनी खणातून मोजपट्टी काढली, मुलाची उंची घेतली, वजन घेतले, सदरा वर करून बेंबीच्या पातळीस कंबर मोजली, दंडास लहानसा पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, व विचारले, "घरात मधुमेह कोणाकोणाला आहे?"

बंधूंस राग आला. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आम्ही मुलाचे डोके दाखवावयास आलो. आपण पोट कशास मोजता?"

"आजोबा, जे दिसते ते पाहून झाले. जे दिसत नाही ते पाहतो आहे."

मधुमेहाची तीन नावे निघाली. पहिले बंधूंचेच होते.

कातडीवरचा चट्टा आणि कमरेचा घेर यांचा काय संबंध, हा बंधूंचा प्रश्न अडाण्याचा नव्हे. आम्हांसही तो पडला. पुढे काही महिने आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले, वैद्यकी शिकलेल्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस प्रश्न विचारून सतावले, आणि जे समजले ते येथे मांडीत आहोत. आम्ही वैद्य नव्हे. हे लिहिणे औषधासाठी नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांनी वेळीच डोळे उघडे ठेवावे यासाठी आहे.

प्रथम रोगाविषयी. आपल्या त्वचेचा वरचा थर नित्य झडतो व खालून नवा येतो. निरोगी माणसात हा फेरा सुमारे महिन्याभराचा असतो. सोरायसिसमध्ये तोच फेरा तीन-पाच दिवसांत उरकू लागतो. कच्च्या पेशी घाईघाईने वर येतात व एकमेकींवर साचतात, तीच पांढरी खपली. ही घाई कातडीच्या मनाने होत नाही. शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी भ्रमाने स्वकीयांवरच शस्त्र उगारतात आणि दाह पेटवणारी द्रव्ये सोडीत राहतात. ही प्रवृत्ती काही अंशी वंशपरंपरेने येते. मग घसा बसला, जखम झाली, मनास धक्का बसला की ती जागी होते. मुलांत तर घशाच्या विशिष्ट जंतुसंसर्गानंतर अंगभर पावसाच्या थेंबांएवढे ठिपके एकदम उठतात. वस्तऱ्याच्या ओरखड्यावर चट्टा येणे हेही जुन्या निरीक्षणाचे आहे. एकोणिसाव्या शतकात कोब्नर नावाच्या जर्मन वैद्याने असाच प्रकार नोंदला होता. त्याच्या रोग्यास घोडा जेथे चावला होता तेथे आणि जेथे गोंदले होते तेथेही चट्टे उमटले होते. सोरायसिस असलेल्या माणसांपैकी सुमारे एक तृतीयांशांत तो बाळपणीच किंवा कुमारवयात सुरू होतो, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते.

युरोपातही या रोगाने फार काळ निष्कारण कलंक सोसला. इंग्लंडात रॉबर्ट विलन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे नीट वर्णन केले खरे, परंतु नाव कुष्ठाचेच ठेवले. व्हिएन्ना येथील हेब्रा यांनी १८४१ साली दोहोंची फारकत केली. तोवर खपली पडणाऱ्या कित्येकांस कुष्ठरोगी समजून गावाबाहेर काढण्यात येत असे. आपल्याकडे चरकाने कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले, सात मोठे व अकरा लहान. त्यांतील माशाच्या खवल्यांसारखे दिसणारे एककुष्ठ, किंवा खरखरीत काळपट किटिभ, यांत आजचे वैद्य सोरायसिसची छाया पाहतात. पण संस्कृतातला व्यापक 'कुष्ठ' शब्द लोकभाषेत एकाच भयंकर अर्थाने रूढ झाला, आणि त्या एका शब्दाने मुंजीच्या मंडपात आठ वर्षांच्या मुलाचे दोन पाट रिकामे केले.

येथे आम्हांस आमचीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मास्तरकीच्या पहिल्या काही वर्षांत आमच्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या कोपरांवर व हातांवर असेच चट्टे होते. इतर मुलींच्या घरून तक्रारी आल्या, आणि शाळेने तिला खिडकीशी वेगळ्या बाकावर बसवण्याचे ठरवले. ठरवले दुसऱ्यांनी, परंतु बाक हलवला आम्ही. ती मुलगी खेळाच्या तासास मैदानावर येईनाशी झाली, मधल्या सुट्टीत एकटी बसून डबा खाई, व वर्षाअखेर चांगलीच स्थूल दिसू लागली. "बसून खाते, दुसरे काय!" असे शिक्षकांच्या खोलीत कोणी म्हटले तेव्हा आम्ही हसलो होतो. आज त्या हसण्याची लाज वाटते. त्याच काळात आमच्याच जिल्ह्यात, जामखेडास, १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार करीत होते आणि खुद्द कुष्ठरोगाविषयीचे भय त्यांच्याकरवी घरोघरी घालवीत होते. १९७९ साली त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पूर्वी ज्यांस शाळेचा उंबरा ठाऊक नव्हता अशा स्त्रियांस जे उमगले, ते आम्हा शिकलेल्या मास्तरांस उमगले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जो दाह कातडीवर दिसतो तो कातडीपुरताच राहत नाही. ती द्रव्ये रक्तातून सर्वत्र फिरतात. दुसरीकडे पोटाभोवती साठलेली चरबी ही केवळ साठवणीची कोठी नव्हे, तीही त्याच जातीची दाहक द्रव्ये सोडते. अशा रक्तात इन्सुलिनची आज्ञा पेशी नीट ऐकत नाहीत. साखर चढते, रक्तातील मेद बिघडतो, यकृतात चरबी बसते, रक्तदाब वाढतो. म्हणजे एका घरात दोन चुली पेटल्या आहेत आणि एकीचा निखारा दुसरीत जातो आहे. मोठ्या माणसांत याचे पर्यवसान कोठवर होते ते २००६ साली ब्रिटनमधील नोंदींवरून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले: तिशीतल्या माणसास तीव्र सोरायसिस असेल तर हृदयविकाराच्या झटक्याचा धोका त्याच वयाच्या इतरांच्या सुमारे तिप्पट आढळला. तिशीत हा धोका मुळातच फार थोडा असतो, तेव्हा तिप्पट होऊनही तो थोडाच. परंतु ज्याचा रोग आठव्या वर्षी सुरू झाला त्याच्या तिशीपर्यंत बावीस वर्षे लोटलेली असतात, हेही विसरता येत नाही.

मुलांविषयी काय आढळले? जर्मनीत विम्याच्या सुमारे तेरा लाख लोकांच्या नोंदी तपासून २०१० साली एक लेख प्रसिद्ध झाला. अठरा वर्षांखालील मुलांत सोरायसिसचे प्रमाण शेकडा ०.७१ निघाले, म्हणजे दीडशे मुलांत साधारण एक. आणि ज्यांस तो होता त्यांच्यात स्थूलता, मधुमेह, रक्तदाब, रक्तातील मेदाचा बिघाड असे सोबतचे विकार इतर मुलांच्या दुप्पट प्रमाणात दिसले. पुढे २०१३ साली नऊ देशांतील मुलांची प्रत्यक्ष मोजमापे प्रसिद्ध झाली. सोरायसिस असलेल्या ४०९ मुलांपैकी शेकडा ३७.९ मुले वाजवीपेक्षा वजनदार होती. नसलेल्या २०५ मुलांत हे प्रमाण शेकडा २०.५ होते. कंबरेचा घेरही त्याच मानाने अधिक भरला.

आता चाणाक्ष वाचक विचारील की, आधी काय? चट्ट्यांमुळे मूल लाजते, घरात बसते, खाते आणि वाढते. की आधी वजन वाढते व त्यामुळे दडलेला रोग वर येतो? दोन्ही बाजूंस पुरावा आहे. २०१८ साली अमेरिकेत सोरायसिस असलेली सुमारे तीस हजार मुले व तितकीच नसलेली मुले यांची तुलना झाली, तीत एक गोष्ट स्पष्ट झाली. अंगाने स्थूल नसलेल्या मुलांतही सोरायसिसमुळे या विकारांचा धोका काहीसा अधिक असतो. परंतु स्थूलतेने येणारा धोका त्याहून कितीतरी मोठा असतो. आमच्या मते या सर्व वाचनातली हीच सर्वांत आशेची बाब होय. रोगाची प्रवृत्ती रक्तातून आली, ती आपल्या हाती नाही. पानात काय वाढले हे आपल्या हाती आहे. शिवाय सोरायसिस असलेल्या बहुसंख्य मुलांस यांपैकी काहीही होत नाही. तेव्हा घाबरून मुलाच्या कपाळी मधुमेह लिहिला आहे असे समजण्याचे कारण नाही.

संस्कृताच्या अभ्यासकास येथे एक गंमत सांगावीशी वाटते. चरकसंहितेच्या निदानस्थानात चौथा अध्याय प्रमेहाचा आहे आणि पाचवा कुष्ठाचा. चिकित्सास्थानातही सहावा प्रमेहाचा व सातवा कुष्ठाचा, असे हे दोघे पाठोपाठ बसले आहेत. सुश्रुताच्या आठ महारोगांतही दोन्ही आहेत. प्रमेहाच्या कारणांत चरक बैठे सुख, झोपेचे सुख, दही, दूध, नवे धान्य व गुळाचे पदार्थ सांगतो. आता अध्याय शेजारी आले म्हणून ऋषींस हा संबंध ठाऊकच होता, असे मंडन करण्यास आम्ही धजणार नाही. अलीकडे असले मंडन फार सोपे झाले आहे. पण एक वाक्य मात्र आम्हांस विलक्षण वाटते. प्रमेहाचे रोगी दोन तऱ्हेचे असतात, एक स्थूल आणि एक कृश, असे चरकाने स्वच्छ म्हटले आहे. ही कृशाची बाब आपल्या देशास फार लागू आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू.

आमच्या बंधूंचा नातू काही लठ्ठ नाही. हात-पाय काटकुळे, गाल बेताचे. पाहणाऱ्याने 'मूल अशक्त आहे, तूप वाढवा' असेच म्हणावे. डॉक्टरांच्या मापात त्याची उंची १२६ सेंटिमीटर आणि कंबर ६६ भरली. हे कोडे सोडवणारे काम आपल्या पुण्यातच झाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रिया व त्यांची बाळे यांचा अभ्यास आरंभिला. ही बाळे जन्मतः सरासरी २.७ किलो वजनाची, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. आपली बाळे सर्वच मापांत लहान होती. परंतु स्नायू फार कमी आणि कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ टिकून होती. वरून कृश, आतून मेदस्वी. पुढे २००४ साली याज्ञिक यांनी आपले इंग्रज स्नेही डॉ. युडकिन यांच्यासह स्वतःचेच छायाचित्र एका जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंची व वजन यांचे गुणोत्तर दोघांचेही अगदी एक, २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी शेकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या २१.२! केवळ वजनकाट्यावर विसंबून आपल्या मुलांची परीक्षा करू नये, हे याहून सुबोध रीतीने सांगता येणार नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०१५ च्या वाढ-आलेखांत अधिक वजनाची रेषा यामुळेच पाश्चात्त्यांहून खाली ओढली आहे.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक परीक्षा आहे. तीस ना यंत्र लागते ना पैसा. मुलास भिंतीशी उभे करून टाळूपासून टाचेपर्यंत त्याच्या उंचीएवढा दोरा घ्यावा, दुमडून निम्मा करावा, आणि तो निम्मा दोरा त्याच्या कमरेभोवती गुंडाळावा. सहा वर्षांपुढील मुलाच्या कमरेस तो पुरून उरला तर ठीक. टोकास टोक मिळाले नाही तर डॉक्टरांस दाखवावे. आमच्या बटूच्या उंचीचा निम्मा ६३ आणि कंबर ६६, म्हणजे दोरा दीड बोट कमी पडला. यावरून रोग ठरत नाही, केवळ दार ठोठावून पाहिले एवढेच.

सोरायसिसच्या मुलांची पुढची तपासणी कशी असावी याविषयी अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१७ साली सूचना केल्या आहेत. दोन वर्षांपासून दर वर्षी उंची-वजनाचे गुणोत्तर, तीन वर्षांपासून दर वर्षी रक्तदाब. नऊ ते अकरा या वयात एकदा आणि सतरा ते एकवीस या वयात पुन्हा रक्तातील मेद. मूल वाजवीपेक्षा वजनदार असून घरात मधुमेहासारखी कारणे असतील तर दहाव्या वर्षापासून, अथवा वयात येण्याचा आरंभ झाल्यापासून, तीन-तीन वर्षांनी साखर; स्थूल मुलांचे यकृतही. सांधे दुखतात का हे विचारावे, आणि मूल उदास राहते का हे दर वर्षी विचारावे, असेही त्यांत आहे. शेवटचा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारीत नाही. सुखवस्तू घरातले मूल उदास कसे असेल, अशी आपली समजूत असते.

आता दुसऱ्या लाडवाकडे येतो. आपला जिल्हा हा उसाचा. १९५० साली लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या उद्योगाने महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. या साखरेने दुष्काळी मुलुखाची कळा पालटली, शाळा आणि रुग्णालये बांधली. तिच्यावर राग धरणे कृतघ्नपणाचे होईल. पण पूर्वी आमच्या लहानपणी साखर डब्यात कुलपाखाली असे आणि सणास निघे. आता ती चहात, बिस्किटात, बाटलीतल्या पेयात, दुकानातल्या फरसाणातदेखील आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सल्ल्याप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावी, आणि शक्य तर विसाव्या हिश्शाहून कमी. आठ वर्षांच्या मुलास हा विसावा हिस्सा म्हणजे साधारण चार-पाच चहाचे चमचे. आमच्या बंधूंच्या घरी दोन वेळच्या चहा-दुधातच तितकी पडत होती. २०२५ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांस साखरेची माहिती देणारे फलक लावावयास सांगितले, हे उत्तम झाले. पण मूल फलक वाचून घरी येते आणि घरी आजी असते.

एकत्र कुटुंबातले प्रेम पानातून व्यक्त होते, आणि ज्या मुलात काही उणे आहे त्याच्या पानात ते अधिक पडते. ज्याच्या अंगी मेदाची प्रवृत्ती आधीच असण्याचा संभव, त्यालाच अधिक लाडू. ज्यास खेळाची अधिक गरज, त्यालाच 'उन्हात जाऊ नको, लोक पाहतील' म्हणून घरात ठेवणे. वस्तुतः माफक ऊन या कातडीस बहुधा मानवते. खेळण्यास, पोहण्यास, इतरांच्या पंक्तीस बसण्यास काहीही प्रत्यवाय नाही.

याची उलट बाजूही तितकीच वाईट. डॉक्टरांकडून परत आल्यावर बंधूंनी शिस्तीचा बडगा काढला. बाकीची मुले श्रीखंड खात असता या एकट्याच्या पानात ताक वाढले गेले. मूल रडले नाही, उठून गेले. आम्ही बंधूंस त्याच रात्री बोललो. मुंजीत दोन आयांनी जे केले तेच आपण आपल्या माजघरात करतो आहोत, आणि ज्या घरात मधुमेहाची तीन माणसे आहेत तेथे पथ्य एकट्या आठ वर्षांच्या मुलाने का पाळावे? पालटावयाचे तर स्वयंपाकघर पालटावे, मुलाचे पान नव्हे. बंधू गप्प राहिले. भावजयबाई मात्र म्हणाल्या, "भाऊजी, देवाच्या नैवेद्यालाही गोड नको का?" प्रश्न रास्त होता. शेवटी असे ठरले की, नैवेद्य गोडाचाच व्हावा, परंतु देवाच्या वाटीत मावेल तेवढाच व्हावा, आणि प्रसाद म्हणून तोच सर्वांनी वाटून घ्यावा. चहा मुलांचा बंद. दुधात साखर नाही. बिस्किटांच्या डब्यात फुटाणे व शेंगदाणे. रात्रीच्या भातास जोडून बाजरीची भाकरी आली. संध्याकाळी घरातली पाचही मुले प्रवरेच्या काठी खेळावयास जाऊ लागली, त्यांत हा सर्वांत पुढे.

औषधाविषयी एकच सूचना करतो, कारण तिची फार गरज आहे. कातडी तेलाने अथवा साध्या व्हॅसलीनने नित्य मऊ ठेवणे आणि डॉक्टरांनी दिलेले मलम सांगितले तितकेच दिवस लावणे, याने पुष्कळ मुलांचे भागते. तीव्र रोगास प्रकाशचिकित्सा व नवी प्रभावी औषधे आहेत. परंतु 'सात दिवसांत साफ' म्हणून कोणी बिननावाची पुडी देऊ लागला तर ती घेऊ नये. असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. चट्टे जादूने नाहीसे होतात, मुलाचा चेहरा गोल होतो, वजन व साखर चढते. आणि पुडी थांबवताच रोग अंगभर, कधी पूमिश्रित फोडांच्या रूपाने, उलटतो. ज्या संकटास टाळावयाचे तेच विकत घेतल्यासारखे होते.

दिवाळीत आम्ही पुन्हा संगमनेरास गेलो. डोक्यावर केस आले होते. चट्टे दोन-तीन उरले आहेत. ते पुन्हा येतील, जातील, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे. फराळ होता, पण ताटे लहान होती. मुंजीत ज्या दोन मुलांस उठवून नेले होते त्यांतला एक भाऊबीजेच्या सकाळी आमच्या बटूबरोबर अंगणात किल्ला करीत बसलेला दिसला. त्याच्या आईस भावजयबाईंनीच घरी जाऊन सगळे समजावले होते म्हणे.

दुपारी मुलांनी दोऱ्याचा खेळ मांडला. बटूने स्वतःचा दोरा प्रथम दाखवला. टोके जेमतेम, पण मिळाली. मग त्याने भावंडांस मोजले, आईस मोजले, आजोबांस मोजले, आणि शेवटी दोऱ्याचे रीळ घेऊन आमच्यापुढे उभा राहिला. आम्ही पंचाईतीत पडलो. सदरा सारखा केला, श्वास आत ओढला, हात वर केले. त्याने दोनदा गुंडाळून पाहिले व गंभीरपणे निकाल दिला, "मोठे आजोबा, चार बोटे कमी."